उणे ऐंशी

गुरुवारी पाषाणात वीज नसते,
म्हणून बुधवारी रात्रीच बसते मी पिंजऱ्याशी.
तांब्याच्या जाळीचा पिंजरा, मी बाहेर, हात आत,
आणि काचेच्या सुईच्या टोकाला एकच पेशी,
रास्ता पेठेतल्या एका नाळेच्या शिरेतून आलेली.

सिस्टर फिलोमिना गायकवाड नाळ डब्यात घालते.
मीठपाणी, भोवती बर्फ, वर नंबर: २१७.
इरफान तांबोळी डबा स्कूटरवर पायांशी धरून
विद्यापीठाच्या चौकातून आणतो.
"मॅडम, सिग्नलला तीनदा अडकलो. जिवंत असेल ना?"
असते.
आईचं नाव आमच्याकडे येत नाही.

रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं
एका पेशीच्या जाडीचं,
आणि त्या अस्तराला पोटॅशियमची दारं.
माझी आठ वर्षं या दारांत गेली.
आत यायला सोपी, बाहेर जायला अवघड,
लक्ष्मी रस्त्यासारखी एकदिशा,
आतल्या तोंडाशी मॅग्नेशियम शिट्टी घेऊन उभा.
तरी एखादी सायकल उलटी निघतेच,
आणि (हे पटायला मला दोन वर्षं लागली)
त्या उलट्या सायकलीवरच
पेशीचा सगळा तोल असतो.

पेशी आतून ऋण. उणे ऐंशी मिलिव्होल्ट.
पोरांना शिकवताना हा शब्द मी जरा रेंगाळत उच्चारते:
ऋण. म्हणजे वजा.
म्हणजे फेडायचं राहिलेलंही.

मग बेरियम सोडते, थेंबभर.
अंगानं पोटॅशियमएवढाच, भार मात्र दुप्पट.
दाराला वाटतं, आपलाच माणूस.
तो शिरतो आणि अडतो.
आत जितकं ऋण, तितका खोल ओढला जातो.
पडद्यावरची रेघ आडवी होत होत झोपते.

तेवढ्यात सिस्टरचा फोन.
"सोमवारची दोनशे सतरा आठवते?
सही बायकोनं केली होती, नवऱ्याला ठाऊक नव्हतं.
नाळ मागतोय. गावी पुरायचीय म्हणे.
मी पत्ता दिलाय. रागावू नका."

पाऊण तासानं आला. सुदाम रेणुसे,
भोसरीला वेल्डिंग करतो, मूळचा वेल्ह्याचा.
डोळे लाल, मनगटावर ठिणग्यांचे बारीक डाग.
चपला दाराबाहेर काढून उभा.
फ्रीजमधल्या पिवळ्या पिशवीतून मी ती काढली,
पांढुरकी, धुऊन रिकामी,
दोन्ही टोकांना माझ्या चिमट्याचे वळ.
कशात देऊ? माझा जेवणाचा डबा घासून त्यात घातली.

"मुलगी झाली," तो म्हणाला. "तीन किलो शंभर."
मग डब्याकडे बघत,
"हिच्यात काय बघता तुम्ही?"
"रक्ताची नळी कधी सैलावते, कधी आवळते, ते."
"कळलं का?"
"थोडं."

त्यानं मान हलवली, वेल्डर हलवतो तशी,
सांधा बघून.

नाही सांगितलं मी
की शिरेच्या आतलं सगळं अस्तर
मागच्या खोलीत सदतीस अंशांच्या उबेत आहे,
एकाची दोन होत.
की त्या पेशी बायकोच्या नव्हेत, तुमच्या मुलीच्या.
की त्यातली एक या क्षणी माझ्या सुईला धरून आहे
आणि तिच्या दारात मी एक परका उभा केलाय.
वेल्ह्यात उद्या तो माती लोटेल,
त्या मातीखाली नाळ असेल.
पूर्ण असेल का, हे मला कुणी विचारलं नाही.

परत येऊन बसले. पेशी टिकली होती,
कशी कुणास ठाऊक.
बेरियम धुवायला घेतला.
एक मिनिट, दोन. काही नाही.
बाहेरचा पोटॅशियम जरासा वाढवला,
अडलेल्याला आपलेच लोक ढकलून काढतात कधी कधी.
रेघ थरथरली.
मग खाली गेली, चांगली खाली.
आत येत होतं काहीतरी.

वहीत लिहिलं:
२१७, पेशी चौथी, दार उघडलं, रात्री बारा चाळीस.
आणि खाली, कशाला कोण जाणे,
डबा परत नको.